तेरा गड्यांचा खेळ, पंधरा गड्यांचा खेळ

आम्ही भोसरी सोडली त्या सकाळी अण्णा मैदानावर होते. मंडळाची कबड्डी स्पर्धा चालू होती आणि अण्णा पंच होते. त्यांच्या जागी दुसरं कोणीही उभं राहू शकलं असतं, पण त्यांनी कोणाला विचारलं नाही. आई सकाळपासून धुसफुसत होती. "पोरगी देश सोडून चाललीय आणि ह्यांना शिट्टी सुचतेय," असं म्हणत तिने माझ्या बॅगेत गोडा मसाल्याची तिसरी पुडी कोंबली. समीर, माझा नवरा, नोकरीवर रुजू व्हायला आधीच सिंगापूरला गेला होता. मी आणि चार वर्षांची सई मागून निघालो होतो.

गाडी मैदानाजवळ आली तेव्हा मी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. सई झोपली होती. मी एकटीच उतरले. आखलेल्या लाल मातीच्या कडेला आमचे प्रशिक्षक तात्या उभे होते. आठवीत असल्यापासून त्यांनी मला चढाई शिकवली होती. ऐन हंगामात, संघ भरात असताना मी निघाले होते, आणि तात्यांना ते मुळीच खपलं नव्हतं. माझ्याकडे न बघता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं ते बोलले, "आम्ही शिकवायचं, आणि ह्यांनी विमानात बसायचं. आता हिला आपली म्हणू नका रे कोणी."

मी अण्णांकडे बघितलं. वाटलं, आता ते काहीतरी बोलतील. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, "पोचलीस की फोन कर," म्हणाले आणि वळून रेषेवर जाऊन उभे राहिले. तात्यांना एक शब्दही बोलले नाहीत.

ही गोष्ट २०११ सालची. तात्यांचं बोलणं मी वर्षभरात विसरले असते. अण्णांचं गप्प राहणं मात्र विसरता येईना.

तुमच्यापैकी जे निघाले त्यांना पहिली दोन वर्षं कशी जातात ते वेगळं सांगायला नको, आणि जे मागे राहिलात त्यांना आम्ही फोनवर ते कधी सांगितलं नाही. बुकित बातोकला अकराव्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट मिळाला. खाली व्हॉइड डेकवर, म्हणजे तळमजल्याच्या मोकळ्या जागेत, म्हातारी माणसं बसलेली, समोर दुसरा ब्लॉक, त्याच्या खिडक्यांतून बांबूंवर वाळणारे कपडे. सगळं स्वच्छ, सगळं वेळेवर. मला सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम मिळालं, सईला शाळा मिळाली. तक्रार करावी असं काही नव्हतं, आणि तरी अंग जड झालं होतं. भोसरीत असताना ऑफिसातून येऊन तासभर मातीत लोळल्याशिवाय मला झोप यायची नाही. इथे मी लिफ्टमधून वर जायची आणि लिफ्टमधून खाली यायची.

क्लेमेंटीला सईचा पोहण्याचा क्लास होता. एका शनिवारी तिला घेऊन परत येताना रस्त्याकडेच्या मैदानावर पंधरा-वीस बायका लांबट चेंडू घेऊन पळताना दिसल्या. मी जाळीपाशी थांबले. ज्या बाईच्या हातात चेंडू तिला समोरच्यांनी नुसता हात लावायचा. हात लागला की ती थांबायची, चेंडू खाली ठेवून पायांमधून मागे सोडायची, मागची तो उचलून पळायची. हात लागायच्या आत अंग चोरून निसटायचं, एवढाच खेळ. माझे पाय जाळीच्या अलीकडेच हलायला लागले.

एक उंच, दणकट बाई माझ्याकडे बघून ओरडली, "आम्हाला एक जण कमी पडतेय. येतेस?"

ती आरोहा. न्यूझीलंडची, माओरी. इथल्या एका शाळेत पीटी शिकवायची. मी सईला आमच्या पिशव्यांजवळ बसवलं, पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधली आणि आत गेले. पहिल्यांदा चेंडू हातात आला तेव्हा मी तिघींना चुकवून थेट टोकापर्यंत गेले आणि तिथे धापा टाकत उभी राहिले. कडेला पांढऱ्या मिशांचा एक साहेब उभा होता. तो हसत जवळ आला.

"तू पळताना काय पुटपुटत होतीस? प्रार्थना?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. सबंध वेळ मी श्वास न घेता "कबड्डी, कबड्डी" म्हणत होते.

हा साहेब म्हणजे गॅरेथ. जहाजांच्या विम्याचं काम करायचा, साठीला आलेला, इथे वीस वर्षं काढलेला. दर शनिवारी हा खेळ तो आणि आरोहा मिळून चालवायचे. आम्ही खेळायचो तो टच रग्बी, म्हणजे न पाडता खेळायचा सौम्य प्रकार. पण त्या दोघांच्या मनातली खरी रग्बी वेगवेगळी होती, आणि ते भांडण मला समजायला बरेच महिने लागले. मी आधी समजत होते की रग्बी म्हणजे रग्बी.

तर रग्बी दोन. एक युनियन, पंधरा गड्यांची. ती आरोहाची. दुसरी लीग, तेरा गड्यांची. ती गॅरेथची. चेंडू तोच, पळायचं पुढे आणि चेंडू द्यायचा फक्त मागे, हेही दोन्हीकडे तेच. फरक पडतो तो गडी खाली पडल्यावर. लीगमध्ये पडलेला गडी उठतो, चेंडू टाचेने मागे सोडतो, खेळ पुढे सरकतो. असं सहा वेळा पाडलं की चेंडू समोरच्यांना द्यायचा. आता तुमची पाळी. मला हे लगेच कळलं, कारण कबड्डीतही चढाई आलटून पालटूनच असते. युनियनमध्ये मात्र गडी पडला की खरी मारामारी तिथेच सुरू होते. त्याने चेंडू सोडायचा आणि दोन्हीकडच्यांनी त्याच्यावर उभं राहून, खांद्याला खांदा लावून एकमेकांना रेटायचं. ज्याने रेटलं त्याचा चेंडू. पाळी वगैरे काही नाही. दम असेल तोवर तुमचं. चेंडू बाहेर गेला तर दोन रांगा लावून मधल्या उंच गड्याला दोघांनी मांड्यांना धरून वर उचलायचं आणि त्याने हवेत चेंडू झेलायचा, त्याला लाइनआउट म्हणतात. गॅरेथ म्हणायचा, "ही सर्कस आहे. लोक खेळ बघायला येतात, ढीग बघायला नाही." आरोहा म्हणायची, "तुझ्या खेळात सगळे एकाच साच्यातले. माझ्यात जाडीला काम आहे, उंचीला काम आहे, बुटकीला तर सगळ्यात जास्त काम आहे."

मला दोघांचंही पटायचं, आणि ते दोघांनाही आवडायचं नाही.

पुढे आमच्या मुलीही खेळायला लागल्या. सई, तिच्या मैत्रिणी, बिशानहून येणाऱ्या दोघी बहिणी, होता होता शनिवारी तीसेक मुली जमू लागल्या. मग प्रश्न आला की त्यांना पुढे कोणती रग्बी शिकवायची. इथे शाळा-क्लबांतून युनियनच जास्त, म्हणून आरोहाला युनियन हवी होती. लहान मुलींना लीग सोपी जाईल आणि त्या ढिगाखाली कोणी चिरडलं जाणार नाही, असं गॅरेथचं म्हणणं. एका शनिवारी आम्ही पोचलो तर मैदानाच्या दोन टोकांना दोन रंगांचे प्लास्टिकचे कोन मांडलेले. एका टोकाला आरोहा, दुसऱ्या टोकाला गॅरेथ. मधे गवत रिकामं. मुली येत होत्या आणि आपली मैत्रीण ज्या टोकाला असेल तिकडे जात होत्या. दोघांचं बोलणं बंद.

त्या वर्षी आई-अण्णा पहिल्यांदाच आमच्याकडे आले होते. अण्णा माझ्याबरोबर मैदानावर आले, दोन्ही टोकांकडे बघितलं आणि खुदकन हसले. "मंजू, भोसरीतच आल्यासारखं वाटतंय." तेव्हा आमच्याकडे मातीवरची कबड्डी खरी की मॅटवरची, यावरून मंडळात दोन तट पडले होते आणि लग्नकार्यातही लोक एकमेकांना टाळत होते.

दोघांनीही मला निरोप धाडले. तू आमच्याकडे ये. मी कोणाकडेच गेले नाही. मी गॅरेथला आणि आरोहाला वेगवेगळा फोन करून सांगितलं, की पुढच्या शनिवारी एक सामना होईल. पहिला अर्धा युनियनच्या नियमांनी, दुसरा लीगच्या. शिट्टी माझी. मी दोन्हीकडची नाही, तेव्हा मला कोणी काही बोलायचं नाही. हे असं दरडावून मला बोलता येतं हे मलाच नवीन होतं. ऑफिसात मी मीटिंगमध्ये हात वर करून बोलायची.

सामना फार सुंदर वगैरे झाला नाही. पहिल्या अर्ध्यात ढिगाखाली चेंडू कोणाचा हे मला दिसेना. आरोहा एका बाजूने ओरडत होती, गॅरेथ दुसऱ्या बाजूने, आणि कडेला खुर्चीवर बसलेले अण्णा मराठीतून तिसरंच ओरडत होते. "अगं, मागे काय देतेस, पुढे मोकळी पोरगी उभी आहे!" पुढे चेंडू देता येत नाही हे मी त्यांना घरी तीनदा समजावलं होतं. त्यांना तो नियम मुळातच मान्य नव्हता. मध्यंतरात मात्र त्यांनी मला बोलावून एका गोलमटोल मुलीकडे बोट दाखवलं. शाळेत तिला कोणी कुठल्याच खेळात घेत नसे. ती आरोहाकडे पहिल्या फळीत रेटत होती. "ही बघ. वजन आहे म्हणून बाहेर नाही बसवली हिला. हे बरंय." मग दुसरा अर्धा सुरू झाला आणि गडी पडला, उठला, पुढचा डाव, असं बघून म्हणाले, "आणि हे पंचाला बरंय."

दुसरा अर्धा संपायच्या आधीच विजेचा भोंगा वाजला. इथे ढग जमून वीज जवळ आली की मैदान लगेच सोडावं लागतं, मग सामना कोणाचा का असेना. आम्ही सगळे छपराखाली पळालो. गुण मोजायला गेलो तर दोन्हीकडचे हिशेब वेगळे, कारण ट्रायचे, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे टेकवल्याचे, युनियनमध्ये पाच गुण आणि लीगमध्ये चार. मुली त्यावरून भांडत बसल्या, आणि त्यांचं भांडण मिटवता मिटवता आरोहा आणि गॅरेथ एकमेकांशी बोलायला लागले.

पाऊस थांबल्यावर मुली आपापल्या घरी गेल्या आणि आम्ही हॉकर सेंटरला, इथल्या खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, गेलो. मी, सई, अण्णा, गॅरेथ, आरोहा. अण्णांना कंडेन्स्ड मिल्क घातलेला इथला चहा अतोनात आवडला होता. साखर वाढतेय म्हणून आई घरी देत नसे, म्हणून इथे दोन घ्यायचे. आरोहाने गॅरेथला सहज विचारलं, "तुला युनियनचा एवढा राग का आहे रे? नुसता खेळ आवडत नाही, असा नाहीये तो."

गॅरेथने चमचा बाजूला ठेवला. त्याचे वडील मूळचे वेल्सचे, कोळशाच्या खाणीच्या गावातले. गावाच्या क्लबात ते युनियन खेळायचे. तेव्हा युनियनमध्ये खेळासाठी पैसे घेणं हा गुन्हा होता आणि लीगमध्ये मिळायचे. लीग निघालीच त्यातून. इंग्लंडच्या उत्तरेतल्या मजुरांचा सामन्यासाठी रोज बुडायचा, तो भरून द्या म्हणाले, तर वरच्या लोकांनी नाही म्हटलं, म्हणून ते फुटून निघाले. गॅरेथच्या वडिलांना उत्तरेतल्या एका लीग क्लबाने बोलावलं आणि ते गेले. खाणीतून सुटले, घर केलं, मुलं शिकवली. पण जो लीगला गेला त्याला युनियनच्या क्लबाचं दार कायमचं बंद. खेळायला तर नाहीच, आत पाऊल टाकायलाही नाही.

"माझे आजोबा गेले," गॅरेथ म्हणाला, "तेव्हा आम्ही गावी गेलो. दफन झाल्यावर सगळं गाव चहाला क्लबात जमलं. माझ्या आजोबांसाठी जमलं. आणि माझे वडील बाहेर रस्त्यावर उभे. मीही त्यांच्याजवळ उभा राहिलो. आतून हसण्याचे आवाज येत होते."

आरोहा खाली बघत राहिली. आता तो नियम गेला, युनियनमध्येही पैसे मिळतात, हे सगळं तिला ठाऊक होतं. मी सगळं अण्णांना मराठीत सांगितलं. मला वाटलं ते हळहळतील.

अण्णांनी चहाचा घोट घेतला. "बापाला बाहेर उभं केलं ते वाईटच केलं. मयताच्या दिवशी तरी आत घ्यायला हवं होतं. पण त्याला सांग, क्लबाचंही काहीतरी गेलंच ना? पोरगा त्यांनी लहानाचा मोठा केला. शिकवला. ऐन भरात आला आणि गेला. पुढच्या आठवड्यात त्याच्या जागी कोणाला उभं केलं असेल त्यांनी?"

मी थांबले. हे गॅरेथला कसं सांगायचं? पण पंचाच्या पोरीने अर्धवट सांगू नये, म्हणून सगळं सांगितलं. गॅरेथने अण्णांकडे बघितलं. मग त्याच्या मिशा हलल्या.

"वडिलांच्या चुलतभावाला उभं केलं. बैलगाडीसारखा पळायचा. त्या वर्षी गाव एकही सामना जिंकलं नाही." आणि तो मोठ्याने हसला. "आमच्या घरात ही बाजू कोणी मांडलीच नव्हती. तुझ्या वडिलांना विचार, त्यांच्या संघातून असं कोणी गेलं होतं का?"

मी विचारलं. अण्णा माझ्याकडे न बघता गॅरेथकडेच बघून बोलू लागले, जणू मी तिथे फक्त भाषांतराला बसले होते.

"एक होती. उजव्या अंगाने चढाई करायची. कोपऱ्यातल्या पोरीला कळायच्या आत हात लावून परत. आमच्या मंडळात तशी पुन्हा झाली नाही. ती गेल्यावर दोन वर्षं संघ पहिल्याच फेरीत बाहेर."

मी इंग्रजीत सांगत गेले. माझंच कौतुक आणि माझ्याच विरुद्धची तक्रार, दोन्ही माझ्याच तोंडाने.

"मग तुम्ही तिला अडवलं नाही?" गॅरेथने विचारलं.

अण्णा म्हणाले, "मी तोंड उघडलं असतं तर ती राहिली असती. म्हणून बोललोच नाही."

माझ्याकडून पुढे काही सांगणं होईना. गॅरेथ वाट बघत होता. तेव्हा सई, समोरच्या टोस्टला चिकटलेला जॅम बोटाने पुसत, एकदम सहज म्हणाली, "अंकल, आजोबा से, इफ ही टॉक, शी विल स्टे. सो ही नेव्हर टॉक, लाह."

आरोहाने टेबलाखाली माझा हात धरला. अण्णांनी आणखी एक चहा मागवला आणि कोणी त्यांना अडवलं नाही.

त्यानंतर मैदानाची दोन टोकं राहिली नाहीत. एका शनिवारी युनियन, एका शनिवारी लीग, असं ठरलं. दोघं भांडायचे, पण एकाच टोकाला उभे राहून. मी शिट्टी परत दिलीच नाही. आम्हाला पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, मिळाली, आम्ही बुकित बातोकलाच स्वतःचा फ्लॅट घेतला. तिथल्या दुकानात न मागता माझ्यासाठी कढीपत्ता बाजूला काढून ठेवू लागले. भोसरीला वर्षातून एकदा जायची. तात्या भेटले की "किती दिवस आहेस?" एवढंच विचारायचे, आणि मी सांगायची. आमच्यात तेवढं पुरेसं होतं.

मग २०१८ मध्ये आरोहाने बातमी सांगितली. ऑस्ट्रेलियात बायकांचे संघ नव्याने उभे राहत होते, तिला तिथे प्रशिक्षकाचं काम मिळालं होतं. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग तिने खाली बघत सांगितलं, की संघ लीगचा आहे.

मला वाटलं आता गॅरेथ नाचेल. आयुष्यभर ढिगाचं गुणगान करणारी बाई शेवटी तेरांच्या खेळात चालली होती. आणि मला काय झालं कोण जाणे, मी भडकले. "लीग? तू? आणि ह्या मुलींचं काय? अर्धवट शिकवून चाललीस? आमचं काय?" आवाज चढला होता. मुली बघायला लागल्या. आरोहाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मंजिरी, मी चाळिशीला आले. असं पुन्हा कोणी बोलावणार नाही मला."

घरी येऊन मी समीरसमोर तेच बडबडत राहिले. आपण तिला घरातली मानलं, सईचे वाढदिवस तिच्याशिवाय झाले नाहीत, एका वाक्यात चालली. समीर भांडी पुसत होता. तो म्हणाला, "मंजू, अगदी तात्यांसारखी बोलतेयस." मला राग आला आणि मग हसू आलं, आणि हसता हसता मी ओट्याशी खाली बसले. सात वर्षं मी स्वतःला इथे पाहुणी समजत आले होते. पाहुण्याला कोणी निघून गेल्याचं एवढं लागत नाही.

चांगी विमानतळावर तिला सोडायला आम्ही सगळे गेलो. गॅरेथ घरचं कार्य असल्यासारखा कोट घालून आला होता. इतक्या उकाड्यात. त्याने कोणतीही थट्टा केली नाही. आरोहाला म्हणाला, "तू परत आलीस की मैदानावर ये. दोन्हीपैकी कुठल्याही शनिवारी." मी तिला मिठी मारली आणि माझा राग अजून गेलेला नाही हेही सांगितलं. ती म्हणाली, "चांगलंय. राहू दे थोडा."

परत येताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, सई माझ्याशेजारी उभी होती. आता तिची उंची माझ्या कानापर्यंत आली होती. जुरोंग ईस्टला गाडी बदलताना तिने विचारलं, "ममा, सॅटर्डेला लाइनआउट कोण टीच करणार?"

"मी."

"तुला येतं?"

"नाही येत. शिकीन."

शनिवारी मी दोन रांगा लावल्या. सगळ्यात उंच मुलीला दोघींनी उचललं, मी चेंडू फेकला तो तिच्या हातभर बाजूने मागे गेला, आणि तिघी हिरवळीवर कोसळल्या. मुली ओरडल्या, गॅरेथने डोळ्यांवर हात घेतला. बिशानहून येणाऱ्या बहिणींपैकी धाकटी म्हणाली, "आंटी, कोच आरोहा असं नाही करायची." मी म्हटलं, "माहितीये. चला, उठा, पुन्हा." त्यांनी पुन्हा उचललं आणि मी पुन्हा फेकला.